‘द होल नाइन यार्ड्स’चा माग: इंग्रजी बोलीतल्या वाक्प्रचाराचे मूळ कसे शोधावे

इंग्रजी बोलीतला एखादा वाक्प्रचार अडला, तर त्याचा अर्थ मिनिटभरात सापडतो. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. तो आला कुठून, असे विचारले की एकाऐवजी दहा उत्तरे हजर होतात, प्रत्येक उत्तरामागे एक चटकदार गोष्ट असते आणि त्या गोष्टीला आधार म्हणून बहुधा दुसऱ्या कोणी सांगितलेली तीच गोष्ट पुढे केली जाते. अनुवादक, शिक्षक किंवा नुसता जिज्ञासू वाचक यांना हा गुंता स्वतःच सोडवता यावा, म्हणून येथे ‘द होल नाइन यार्ड्स’ या अमेरिकी वाक्प्रचाराचा माग पहिल्या पायरीपासून काढून दाखवला आहे. हाच निवडण्याचे कारण असे की त्याच्याइतक्या बनावट कुळकथा फार थोड्या वाक्प्रचारांच्या वाट्याला आल्या असतील आणि त्याचबरोबर त्याचे जुने छापील दाखले आता तारीखवार हाती लागले आहेत.

आधी अर्थाच्या छटा वेगळ्या करा

मूळ शोधण्याच्या घाईत अर्थाकडे दुर्लक्ष होते आणि तेथेच पहिली चूक घडते. ‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे काहीही न वगळता सगळेच्या सगळे, हा कोशातला अर्थ बरोबर असला, तरी वापरात त्याच्या निदान तीन छटा दिसतात. एक, यादीच्या शेवटी येणारी: लग्नात बँड होता, घोडा होता, आतषबाजी होती, द होल नाइन यार्ड्स; येथे मराठीत ‘सगळे साग्रसंगीत’ म्हणता येईल. दुसरी, ‘गो’ या क्रियापदाबरोबरची: एखाद्या कामात कसलीही कसर न ठेवणे. तिसरी, ‘गिव्ह’ किंवा ‘टेल’ यांच्याबरोबर येणारी: एखादी हकीकत अथपासून इतिपर्यंत, इत्थंभूत सांगणे. आजच्या वापरात पहिल्या दोन छटा अधिक ऐकू येतात. तिसरी मात्र ध्यानात ठेवावी, कारण जुन्या दाखल्यांपाशी पोहोचल्यावर तीच उपयोगी पडणार आहे.

याच टप्प्यावर वाक्प्रचाराची शक्य तितकी रूपे टिपून ठेवावीत. ‘होल’च्या जागी ‘फुल’ येऊ शकते का, ‘द’ गळू शकतो का, ‘नाइन’ आणि ‘यार्ड्स’ यांच्यामध्ये जोडरेघ पडते का आणि, सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, आकडा बदलू शकतो का, हे प्रश्न सुरुवातीला किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात या वाक्प्रचाराचा शोध कित्येक वर्षे अडून राहिला, तो बहुतेक जण ‘नाइन’ हाच शब्द धरून बसल्यामुळे.

कुळकथा गोळा करा, पण प्रत्येकीकडे तारीख मागा

प्रचलित कथा टाकून देण्यासाठी का होईना, आधी लिहून काढाव्यात. प्रत्येक कथेच्या पोटात एक तपासण्याजोगे विधान दडलेले असते: अमुक वस्तू अमुक काळी नऊ यार्डांची होती आणि अमुक लोक तसे बोलत होते. हे विधान बाहेर काढले की कथेचे तेज बरेच उतरते.

सर्वांत लोकप्रिय कथा दुसऱ्या महायुद्धातली आहे. लढाऊ विमानांच्या मशीनगनला लावायचा काडतुसांचा पट्टा २७ फूट, म्हणजे नऊ यार्ड लांब असे आणि वैमानिकाने शत्रूवर सगळा पट्टा रिकामा केला की त्याने ‘द होल नाइन यार्ड्स’ दिले असे म्हणत, असे ही कथा सांगते. ती ऐकायला इतकी चोख आहे की तपासायचे कोणाच्या मनात येत नाही. पण दारूगोळ्याचा हिशेब काडतुसांच्या संख्येत होत असे, पट्ट्याच्या लांबीत नव्हे. शिवाय युद्धकाळात सैनिकांच्या बोलीवर एवढे लिहिले गेले, तरी त्या काळातला असा एकही वापर पुढे आलेला नाही.

दुसरी कथा काँक्रीट वाहून नेणाऱ्या ट्रकची. ट्रकमध्ये नऊ घनयार्ड माल मावतो, तो सगळा ओतला की काम पुरे झाले, असा तिचा आशय आहे. न्यूयॉर्क टाइम्समध्ये भाषेवर सदर लिहिणारे विल्यम सफायर यांच्यासारख्या जाणकारालाही ती पटली होती. येथे तपासणी कशी करावी, याचा उत्तम नमुना मिळतो. ज्या धंद्याचे नाव घेतले जाते, त्याच धंद्याचे त्या काळातले नियतकालिक उघडावे. अमेरिकेतल्या तयार काँक्रीटच्या धंद्याचे मासिक १९६४ मध्ये सांगते की काही वर्षांपूर्वीपर्यंत साडेचार घनयार्डांचा ट्रक हाच प्रघात होता आणि १९६२ पर्यंत देशातली सरासरी वाढत वाढत ६.२४ घनयार्डांवर आली होती. वाक्प्रचार रूढ होत होता, त्या काळात नऊ घनयार्डांचा ट्रक सर्वसामान्य नव्हताच, तर त्यावरून म्हण कशी पडेल?

उरलेल्या कथांना इतका वेळ देण्याची गरज नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू दहा यार्ड पुढे न्यावा लागतो, नऊ नेले तर तो डाव अपुराच राहतो, तेव्हा तेथून ‘पूर्ण’ हा अर्थ निघणे कठीण. शिडाच्या जहाजावरच्या आडव्या काठ्यांनाही यार्ड म्हणतात आणि तीन डोलकाठ्यांवर प्रत्येकी तीन मिळून नऊ होतात, हे गणित जुळते. मात्र जहाजागणिक ही संख्या बदलते आणि शिडांच्या सबंध काळात खलाशांच्या तोंडचा असा दाखला मिळत नाही. स्कॉटलंडचा किल्ट, प्रेताचे वस्त्र, नवरीच्या झग्याचा घोळ या साऱ्यांचीही हीच गत आहे.

एक खूण मात्र कायमची लक्षात ठेवण्यासारखी आहे: गोष्ट जितकी नीटनेटकी, तितका संशय अधिक. हा नियम आद्याक्षरांच्या कथांना विशेष लागू पडतो. श्रीमंती थाटाला ‘पॉश’ म्हणतात, ते हिंदुस्थानकडे जाणाऱ्या बोटींवरच्या सावलीतल्या खोल्यांसाठी तिकिटावर छापल्या जाणाऱ्या चार आद्याक्षरांवरून, ही कथा आपल्याकडेही हौसेने सांगितली जाते. पण अशी अक्षरे छापलेले तिकीट कोणाला सापडलेले नाही. ‘ओके’ हा त्याला सणसणीत अपवाद. तो ‘ऑल करेक्ट’च्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगची आद्याक्षरे आहे, हे मान्य झाले, कारण भाषाअभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मध्ये त्या काळातली वर्तमानपत्रेच समोर ठेवली. त्यांत २३ मार्च १८३९ च्या बोस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये ती अक्षरे आणि त्यांचा अर्थ एकत्र छापलेला होता.

कोशापासून सुरुवात, कोशापाशी शेवट नव्हे

इंग्रजीपुरते बोलायचे तर आपले नशीब थोर आहे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश प्रत्येक अर्थाखाली तारखेनुसार अवतरणे देतो. केवळ बोलीतल्या शब्दांसाठी जोनाथन ग्रीन यांचा तीन खंडांचा कोश २०१० मध्ये निघाला आणि तो आता महाजालावर विनामूल्य पाहता येतो. शब्द अमेरिकेच्या एखाद्या भागापुरता वाटत असेल, तर अमेरिकी प्रादेशिक इंग्रजीचा कोश चाळावा. या कोशांत व्युत्पत्तीपेक्षा पहिल्या अवतरणाची तारीख, प्रकाशनाचे ठिकाण आणि लेखनाचा प्रकार या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. ‘उगम अनिश्चित’ एवढीच नोंद दिसली, तर तिला कोशकाराचा आळस समजू नये. तेच दोन शब्द लिहिण्यापूर्वी त्याने बहुधा वर उल्लेखिलेल्या सगळ्या कथा चाळून बाजूला ठेवलेल्या असतात.

पण कोशातले पहिले अवतरण हे फक्त तोवर सापडलेले पहिले अवतरण असते. ‘द होल नाइन यार्ड्स’च्या बाबतीत बराच काळ १९६० च्या दशकापलीकडे कोणाला जाता आले नव्हते आणि म्हणूनच युद्धाच्या, विमानांच्या, ट्रकच्या कथा खपल्या, त्या सगळ्या त्या दशकाच्या जरा अलीकडच्या किंवा पलीकडच्या होत्या. १९६४ मधला एक दाखला तर अंतराळ मोहिमांवर काम करणाऱ्यांच्या बोलीविषयीच्या वृत्तपत्रीय लेखातला आहे. ‘गिव्ह देम द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा बाबवार अहवाल देणे, असा अर्थ त्यात फोडून सांगितला आहे. अर्थ फोडून सांगावा लागला, म्हणजे सर्वसाधारण वाचकाला तो तेव्हा ओळखीचा नव्हता, एवढे अनुमान त्यावरून सुखाने काढता येते.

जुन्या छापील पानांत शोध कसा घ्यावा

येथून पुढचे काम पूर्वी ग्रंथालयात बसून महिनोन्‌महिने करावे लागे. आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह घरबसल्या, फुकट धुंडाळता येतो; गूगल बुक्स आणि इंटरनेट आर्काइव्ह यांत पुस्तके व मासिके आहेत. मोठ्या शहरांतल्या दैनिकांपेक्षा लहान गावांची साप्ताहिके अधिक फलदायी ठरतात. महानगरी संपादक बोलीतले शब्द कापून टाकत, तर गावचा वार्ताहर बोलतो तसा लिहून मोकळा होई.

शोधखिडकीत सगळा वाक्प्रचार दुहेरी अवतरणचिन्हांत टाकावा, म्हणजे शब्द त्याच क्रमाने असलेली पाने मिळतात. त्यानंतर एकेक शब्द बदलत जावे: ‘होल’ऐवजी ‘फुल’, ‘नाइन’ऐवजी इतर आकडे, अक्षरांऐवजी अंक, जोडरेघेसह आणि जोडरेघेविना. जुन्या पानांचे वाचन यंत्राने केलेले असते आणि पुसट शाई, मोडके खिळे किंवा स्तंभाच्या कडेला तुटलेला शब्द यांमुळे ते चुकते, तेव्हा वाक्प्रचाराचे दोनच शब्द टाकून शेजारचे निकालही पाहावेत. उलट, सापडलेला प्रत्येक निकाल मूळ पानाच्या छायाचित्रावर नेऊन पडताळल्याशिवाय मोजू नये. गूगल बुक्सवर नियतकालिकाच्या अनेक वर्षांच्या अंकांना पहिल्या अंकाचेच साल चिकटवलेले आढळते. १९०५ चा म्हणून हर्षाने उचललेला दाखला आत पाहिल्यावर १९७५ चा निघतो. पानाचा मथळा आणि अंकाची तारीख डोळ्यांनी दिसली पाहिजे.

मग निवड करावी लागते. यार्ड हे कापडाचे माप असल्यामुळे ‘नाइन यार्ड्स’चे शेकडो निकाल झगे, पडदे आणि अंगरखे यांच्या जाहिरातींत मिळतील, ते वाच्यार्थाचे, आपल्या कामाचे नाहीत. क्वचित एखादा मधलाच निघतो. इंडियाना राज्यातल्या न्यू अल्बनी गावच्या वर्तमानपत्रात १८५५ मध्ये एका न्यायाधीशाच्या अवाढव्य शर्टाची विनोदी गोष्ट छापली होती. तीन शर्टांसाठी आणलेले कापड, ‘द होल नाइन यार्ड्स’, शिवणारणीने एकाच शर्टात घातले, असा तिचा मासला आहे. शब्द हुबेहूब आपले, पण अर्थ खऱ्याखुऱ्या नऊ यार्ड कापडाचा. या गोष्टीतून वाक्प्रचार निघाला, असे काही जण मानतात. पण तिच्या आणि पुढच्या लाक्षणिक वापराच्या मध्ये पन्नासेक वर्षांची पोकळी आहे, ती भरून निघेपर्यंत हा दाखला कंसात ठेवलेला बरा.

लाक्षणिक अर्थाच्या निर्विवाद दाखल्यांचा शोध टप्प्याटप्प्याने मागे सरकला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मज्जाविज्ञानाचे संशोधन करणाऱ्या बॉनी टेलर-ब्लेक यांनी हौसेने हा नाद लावून घेतला होता. केंटकी राज्याच्या मासेमारी-शिकार खात्याच्या मासिकातले १९५६ आणि १९५७ मधले वापर त्यांना सापडले, तेव्हाच काँक्रीटच्या आणि अंतराळाच्या कथा लंगड्या झाल्या. पुढे त्यांनी केंटकीतल्याच ‘माउंट व्हर्नन सिग्नल’ या पत्राच्या १९१२ च्या अंकांतून दोन दाखले काढले आणि त्यांत आकडा नऊ नव्हता, सहा होता: ‘द होल सिक्स यार्ड्स’. येल विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयातले फ्रेड शापिरो यांना १९२१ मधला, साउथ कॅरोलायनातल्या वर्तमानपत्राच्या मथळ्यातला ‘सहा यार्डां’चा आणखी एक वापर मिळाला. २०१२ च्या डिसेंबरात ही बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये झळकली.

दाखल्याच्या आजूबाजूचे वाक्य वाचा

तारखेवर समाधान मानून थांबणाऱ्यांच्या हातून उत्तम ऐवज निसटतो. मे १९१२ मधल्या दाखल्यात डेमोक्रॅटिक पक्षाचा एक समर्थक रिपब्लिकन पक्षातल्या भांडणाची मजा पाहत लिहितो की टेड आणि बिल एकमेकांवर उलटले नसते, तर त्या पक्षातल्या लबाड्या आम्हाला कधीच कळल्या नसत्या; प्रकरण आणखी तापू द्या, म्हणजे ते ‘होल सिक्स यार्ड्स’ सांगतील. टेड म्हणजे थिओडोर रूझवेल्ट आणि बिल म्हणजे तेव्हाचे अध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट. जूनमधल्या दुसऱ्या दाखल्यात वार्ताहर कळवतो की बाहेरगावी गेल्यामुळे या अंकासाठी सगळ्या बातम्या जमवता आल्या नाहीत, पुढच्या अंकात ‘होल सिक्स यार्ड्स’ देऊ. दोन्हीकडे मोजले जाते आहे ते बोलणे.

सहाचे नऊ झाले, म्हणजे बोलीत आकडा चढत जातो, असा तर्क त्या वेळी मांडला गेला. आनंदाच्या ढगाचा आकडा इंग्रजीत ‘क्लाउड सेव्हन’वरून ‘क्लाउड नाइन’वर गेला, त्यातलाच हा प्रकार, असे वाटणे स्वाभाविक होते. वर्षभरातच या तर्काला धक्का बसला. इंडियानातल्या मिचेल गावच्या ‘मिचेल कमर्शिअल’ या पत्रात २ मे १९०७ रोजी बेसबॉलच्या सामन्याची जाहीर सूचना आहे. गावचा नेहमीचा संघ व्यापाऱ्यांशी त्यांना झेपतील तेवढे डाव खेळेल, पण ‘द फुल नाइन यार्ड्स’ची हमी देता येणार नाही, असे तीत म्हटले आहे. येथे थोडे थांबून विचार करावा. बेसबॉलच्या संघात खेळाडू नऊ, सामन्यात डावही नऊ, आणि वाक्यात संघाला उद्देशून ‘नाइन’ हा शब्द आधी येऊन गेलेला. तेव्हा हा नऊ खेळातून ओघाने आला असावा, अशी शंका रास्त ठरते. परंतु त्याच पत्रात ४ जून १९०८ रोजी मासेमारीहून परतलेल्या एका गावकऱ्याची थट्टा आहे: त्याच्यापाशी सांगायला मोठी कथा आहे, आम्ही काही ती ऐकत उभे राहणार नाही, एखादा बेसावध माणूस त्याच्या तावडीत सापडेल आणि त्याला तो ‘फुल नाइन यार्ड्स’ ऐकवील. येथे बेसबॉल नाही, डाव नाहीत, तरी आकडा नऊच आहे.

म्हणजे एकाच सुमारास, ओहायो नदीच्या दोन तीरांवरच्या शेजारी राज्यांत, सहा आणि नऊ हे दोन्ही आकडे चालू होते. यावरून माझ्या मते या वाक्प्रचाराबद्दलचे सर्वांत महत्त्वाचे अनुमान निघते: नऊ यार्ड लांबीची विशिष्ट वस्तू शोधत बसणे हीच मुळात चुकीची वाट आहे. ठरावीक मापाची वस्तू मुळाशी असती, तर आकडा असा डळमळला नसता. बोलणे कापडासारखे यार्डांवर मोजण्याची थट्टा मुळाशी असावी, असे १९०८ आणि १९१२ चे दाखले सुचवतात. हा अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच सांगितला पाहिजे.

आणि नऊवारीचे काय?

आपला वार आणि इंग्रजांचा यार्ड दोन्ही तीन फुटांचे, त्यामुळे मराठी वाचकाला ‘नाइन यार्ड्स’ म्हटल्याबरोबर नऊवारी आठवणार, आणि जुन्या दाखल्यांत ‘सिक्स यार्ड्स’ निघाले म्हटल्यावर सहावारीही दत्त म्हणून उभी राहणार. साडीतून हा वाक्प्रचार निघाल्याचा दावा इंग्रजीतही केला जातो. योगायोग मोठा लोभस आहे, यात शंका नाही. मात्र येथेही तीच कसोटी लावावी. नऊवारीची भाषा इंडियाना आणि केंटकीतल्या खेड्यांपर्यंत १९०७ च्या आत कोणाच्या तोंडून पोहोचली? असा माणूस, असा धंदा, असे पत्र दाखवता आले पाहिजे.

ही कसोटी अन्याय्य नाही, हे देवळालीच्या उदाहरणावरून कळेल. ब्रिटिश इंग्रजीत वेडसर झालेल्या माणसाला ‘डुलॅली’ म्हणतात आणि तो शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आला, हे कोशांना मान्य आहे. मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथल्या छावणीत दिवस काढत, कंटाळून चक्रम वागू लागत, आणि या अवस्थेला सैन्यात ‘डुलॅली टॅप’ म्हणत. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. येथे गाव आहे, छावणी आहे, शब्द तोंडात घेऊन विलायतेला परतणारी माणसे आहेत आणि त्या सैनिकांच्या बोलीच्या नोंदीही आहेत. नऊवारीच्या कथेत यांतले काहीच नाही.

निष्कर्ष कसा लिहावा

शेवटची नोंद लिहिताना पुराव्याचे वजन शब्दांतून दिसावे. ‘पहिला वापर’ असे न लिहिता ‘आजवर सापडलेला सर्वांत जुना छापील वापर’ असे लिहावे, कारण बोलीतला शब्द कागदावर उतरण्यापूर्वी कित्येक वर्षे तोंडी चाललेला असतो. बाद झालेल्या कथांपैकी जी सर्वाधिक पसरली आहे, ती कारणासह नोंदवावी, म्हणजे पुढचा वाचक तीच घेऊन परत येणार नाही. या वाक्प्रचाराची नोंद साधारण अशी होईल:

‘द होल नाइन यार्ड्स: सर्व काही, इत्थंभूत, अमेरिकी बोली. लाक्षणिक अर्थाचे आजवर सापडलेले सर्वांत जुने छापील दाखले १९०७ व १९०८ चे, “फुल नाइन यार्ड्स” या रूपात, मिचेल, इंडियाना. “होल सिक्स यार्ड्स” हे रूप १९१२ मध्ये माउंट व्हर्नन, केंटकी येथे. “होल नाइन यार्ड्स” १८५५ मध्ये कापडाच्या वाच्यार्थाने. संबंध सिद्ध नाही. आकडा अस्थिर असल्याने विशिष्ट वस्तूवरून उगम संभवत नाही. कापडाच्या मापावरून लांबलचक कथनाची थट्टा, असा तर्क. महायुद्धातल्या काडतूसपट्ट्याची कथा तारखांवरून बाद.’

नोंदीखाली शोध घेतल्याची तारीख आणि कोणकोणते संग्रह धुंडाळले, कोणती रूपे टाकून पाहिली, हेही लिहून ठेवावे. जुन्या वर्तमानपत्रांची नवी पाने या संग्रहांत सतत पडत असतात, आणि पुढच्या वेळी बसाल तेव्हा फक्त त्याच पानांवर, ‘फुल’ आणि ‘सिक्स’ ही रूपे धरून, शोध पुन्हा लावला म्हणजे पुरे.